चतुःसीमा

वहीत डावीकडे काय खाल्लं,
उजवीकडे काय झालं.
मधे शिलाईपाशी बारीक अक्षरात वेळ:
सव्वानऊ. दोन चाळीस. पहाटे तीन.

दस्तनोंदणीत एकवीस वर्षं काढली मी.
लोकांचे फ्लॅट, गुंठे, वाटण्या, हक्कसोड.
हद्दी लिहिल्याशिवाय आमच्याकडे
जागेला जागा म्हणत नाहीत.
म्हणून हेही लिहून ठेवलंय पहिल्या पानावर:
उत्तरेस शेवटची बरगडी,
दक्षिणेस साडीची गाठ,
पूर्वेस डावी कूस, पश्चिमेस उजवी.
(उत्तरेला डोकं करून झोपू नये म्हणतात,
पण नकाशा तसाच काढतात.)
क्षेत्रफळ तळहाताएवढं, रविवारी जास्त.
मालक: अज्ञात.

टिळक रोडला डॉक्टर बेलसऱ्यांनी
कलिंगड पारखावं तसं टिचकी मारून पाहिलं.
मग नळी घातली. आत दिवा घेऊन
कुणीतरी सगळ्या खोल्या फिरून आलं
आणि म्हणालं, घरात कुणी नाही.
"रिपोर्ट नॉर्मल आहेत. आनंद व्हायला हवा तुम्हाला."
मला झाला नाही, याचीही त्यांनी नोंद केली.
"घरी काही टेन्शन?"
रास्ता पेठेतल्या वैद्यांनी नाडीवर तीन बोटं ठेवून
ताक सांगितलं, हिंग-जिरं लावून.
ते प्यायले त्या रात्रीचं उजवं पान
भरून मागच्या पानावर गेलं.

कात्रज ते शिवाजीनगर, बसच्या थांब्यांपेक्षा
मला संडास जास्त पाठ आहेत.
मंडईजवळच्या पतसंस्थेचा रखवालदार, ढमाले,
मी दिसले की किल्ली पुढे करतो
आणि पेपरात डोकं घालतो.
या शहरात न विचारणारा माणूस
मला आजवर एवढा एकच भेटलाय.

बाकी सगळे विचारतात.
भाचीच्या लग्नात पान वाढलेलं,
जिलेबीवर जिलेबी येतेय,
"हे काय, डाएट का?"
हो म्हणते. हो म्हटलं की लोक पुढच्या पानाकडे सरकतात.
खाल्ल्या मिठाला जागावं, हे मला लहानपणीच शिकवलं.
खाल्लेलं अन्न माझ्याशी का जागत नाही,
हे कुणाला विचारायचं?

मग गहू सोडला. तेवीस दिवस ज्वारी.
शेवयांचा डबा शेजारी दिला, बिस्किटं शिपायाला.
चोविसाव्या दिवशी, दोन चाळीस,
उत्तरेस बरगडी, दक्षिणेस गाठ, सगळं जागच्या जागी.

मेहजबीन शिकलगार आमच्याकडे सूची दोन तपासते.
तिच्या नजरेतून खाडाखोड सुटत नाही.
जेवणाच्या सुट्टीत तिनं माझी वही ओढून घेतली,
बोट फिरवत खाली आली.
"वरण, भात, दुधी, भाकरी, वरण...
ताई, फोडणी कुठंय?"
फोडणी काय लिहायची, म्हटलं, ती असतेच.
"असतंच ते कुणी लिहीत नाही," ती म्हणाली,
"आणि भांडणं नेमकी त्याचीच येतात आपल्याकडे."

घरी येऊन मोहरी वाचली, हळद वाचली.
हिंगाच्या डबीला दोन चष्मे लागले,
माझा आणि ह्यांचा, एकावर एक:
खाद्य डिंक. गव्हाचं पीठ. हिंग.
गहू आधी, मग हिंग.
तेवीस दिवस. प्रत्येक वरणात. वैद्यांच्या ताकात.
रविवारच्या उसळीत तर दोनदा, आधी आणि वरून.
आणि पोट फुगलं की बेंबीला लावा म्हणून
सांगणारी अख्खी आळी.

हसू आलं, मग ओट्याला धरून उभी राहिले थोडा वेळ.

हा असेलच असं नाही.
एकदा दूध वाटलं होतं, एकदा शेंगदाणे,
एक अख्खा श्रावण साबुदाण्यावर संशय होता.
म्हणून पेन्सिलीनंच लिहिलंय,
अज्ञात न खोडता, शेजारी: हिंग?
जाहीर नोटिशीत हरकतीला चौदा दिवस देतात.
मी पोटाला महिना दिलाय.

आजचं वरण जरा पोरकं लागलं.
डावीकडे पहिल्यांदाच लिहिलं:
फोडणी. तेल, मोहरी, जिरं, बस.
उजवीकडे अजून काही नाही.
सव्वानऊ वाजून गेलेत.
पेन हातातच आहे.